पडद्याचा उतार

आत्याच्या वाढदिवसाला मी तिचे चित्र काढून दिले होते. एका जुन्या छायाचित्रावरून, ड्रॉइंग टॅबलेटवर, म्हणजे पेनाने थेट ज्यावर चित्र काढता येते अशा पडद्यावर, जवळजवळ तीन आठवडे खपून काढलेले आणि नंतर जाड कागदावर छापून चौकटीत बसवलेले. आत्याने चौकट हातात घेतली, दोन्ही हात लांब करून ती डोळ्यांसमोर उभी धरली, बराच वेळ काही न बोलता पाहिली आणि मग म्हणाली, "छान आलंय गं. डोळे अगदी माझे आहेत. पण हे कपाळ माझं नाही. हे दादाचं आहे." दादा म्हणजे माझे बाबा. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली होती. खोलीत क्षणभर शांतता पसरली, मग कोणीतरी विषय बदलला, चौकट भिंतीवर लागली आणि सगळे पुन्हा गप्पांत रमले. मी मात्र परतताना वाटभर त्या कपाळाचाच विचार करत होते. चित्र काढताना मला ते एकदाही चुकीचे दिसले नव्हते. एकदाही नाही, हेच मला टोचत होते.

घरी आल्यावर मी मूळ छायाचित्र आणि माझे चित्र एकावर एक ठेवून पाहिले. हनुवटीपासून भुवयांपर्यंतचे अंतर जुळवले, तर केसांची कड छायाचित्रातल्या कडेच्या बरीच वर निघून गेली. चेहरा एकूणच लांबट झाला होता आणि जसजसे वर जावे तसतसा अधिक ताणला गेला होता. हा वेंधळेपणाने झालेला दोष नव्हता. वेंधळेपणाची चूक कुठेही होते, कधी डोळा खाली येतो, कधी कान पुढे सरकतो. इथे ताण एकाच दिशेने आणि एका क्रमाने वाढत गेला होता. मग मी टेबलाकडे पाहिले. बावीस इंची पडद्याचा तो टॅबलेट टेबलावर पाटासारखा आडवा पडलेला होता, आणि छायाचित्र त्याच्यामागे उभ्या असलेल्या दुसऱ्या पडद्यावर होते. तीन आठवडे मी उभ्या चेहऱ्याकडे पाहत तो चेहरा आडव्या पृष्ठभागावर उतरवत होते.

फूटपट्टी घेऊन मी खुर्चीत बसले आणि अंतरे मोजली. पडद्याची जवळची कड माझ्या डोळ्यांपासून सुमारे ४५ सेंटिमीटरवर होती आणि लांबची कड ६५ सेंटिमीटरवर. म्हणजे तेवढीच रेघ लांबच्या कडेला काढली, तर ती जवळच्या रेघेपेक्षा जवळपास तीस टक्क्यांनी लहान दिसणार. शिवाय नजर पृष्ठभागावर तिरकी पडत असल्यामुळे उभ्या रेघा आणखी आखडतात. नजर ४५ अंशांनी खाली झुकलेली असेल आणि पडदा सपाट असेल, तर दहा सेंटिमीटरची उभी रेघ डोळ्याला सुमारे सात सेंटिमीटरचीच भासते. हाताला ती अपुरी वाटते, म्हणून हात ती वाढवतो. अर्थात माणसाचे मन यातला बराचसा फरक आपल्या आपण भरून काढते. रॉबर्ट थाउलेस या मानसशास्त्रज्ञाने १९३१ साली तिरक्या ठेवलेल्या वर्तुळाकार चकत्या लोकांना दाखवून त्यांना दिसणारा आकार नोंदवला होता. लोकांना दिसलेला आकार डोळ्यावर पडणाऱ्या चपट्या लंबगोलासारखा नव्हता आणि खऱ्या वर्तुळासारखाही नव्हता, तो या दोहोंच्या मध्ये कुठेतरी होता. मन वस्तूला तिच्या खऱ्या रूपाकडे ओढते, पण पूर्ण नेऊन पोचवत नाही. न पोचलेले तेवढे अंतर आत्याच्या कपाळात जाऊन बसले होते.

छापलेल्या चित्राची एक प्रत माझ्याकडे होती. ती मी टॅबलेटच्या जागी आडवी ठेवली आणि माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसून खाली पाहिले. कपाळ बरोबर होते. हान्स होल्बाइनने १५३३ साली रंगवलेल्या दोन राजदूतांच्या चित्रात पायाशी एक लांबुळका डाग आहे, आणि अगदी कडेला जाऊन तिरके पाहिले की त्या डागाची कवटी होते, हे मी वाचले होते. त्याने ते मोजून-मापून, जाणूनबुजून केले होते. माझ्या चित्रानेही पाहणाऱ्याची जागा आपल्यात साठवली होती, पण ती माझी जागा होती, आत्याची नव्हे.

त्या दिवसापासून मी टॅबलेट तिरका धरून ठेवणारा स्टँड शोधू लागले.

आजवर स्टँड ही माझ्या लेखी मानेच्या सोयीची वस्तू होती, आणि मान दुखत नसताना तिच्याकडे वळावे असे कधी वाटले नव्हते. खरे सांगायचे तर मान दुखत होतीच. फक्त ते दुखणे कामाचा भाग आहे असे मी धरून चालले होते. माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलोचे असते. केनेथ हन्सराज या मणक्याच्या शल्यचिकित्सकाने २०१४ साली संगणकीय प्रतिमानावरून मांडलेल्या अंदाजानुसार मान १५ अंश झुकली की मानेच्या मणक्यांवरचा भार सुमारे १२ किलोंइतका होतो, ३० अंशांना १८ आणि ६० अंशांना २७. हे प्रतिमानाचे आकडे आहेत, प्रत्येक मानेत मोजलेले नव्हेत. पण तीन आठवडे आडव्या पडद्यावर ओणवे राहिलेल्या माणसाला त्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. रात्री उशीवर डोके टेकताना खांद्यांमध्ये पसरणारी ती बधिर कळ आणि चित्रातले ते कपाळ, ही एकाच उताराच्या अभावाची दोन रूपे होती, हे मला तेव्हा प्रथम दिसले.

उतार हा शब्द मनात आला आणि बाबांचा ड्रॉइंग बोर्ड आठवला. बाबा यंत्रभागांची आरेखने काढत. त्यांच्या कामाच्या टेबलाला बाजूला एक मोठी चाकासारखी मूठ होती, ती सैल करून ते बोर्ड हवा तसा तिरका करत आणि पुन्हा आवळत. आवळताना लाकडातून एक छोटासा, कोरडा कुरकुर आवाज येई. त्यानंतर ते एक गोष्ट कधीच विसरत नसत. बोर्डाच्या वरच्या दोन कोपऱ्यांवर ते आळीपाळीने तळहात ठेवून दाबत, आधी डावा, मग उजवा, आणि डोके किंचित कलते करून ऐकत. "बोर्ड बोलता कामा नये," ते म्हणत. बोर्ड बोलला, म्हणजे कुठे करकरला किंवा लवला, तर ते खाली वाकून स्क्रू तपासत आणि पुन्हा दाबून पाहत. मी शेजारी स्टुलावर बसलेली असे. पेन्सिलीच्या शिशाचा आणि खोडरबराच्या भुग्याचा वास, कागदाच्या चार कोपऱ्यांना लावलेल्या चिकटपट्ट्या आणि दिव्याखाली चमकणारे बाबांचे रुंद, उंच कपाळ. हे सगळे मला इतके स्पष्ट आठवते, आणि तरीही स्वतःसाठी स्टँड निवडताना त्यांची ती परीक्षा मला आठवली ती पहिला स्टँड चुकीचा घेऊन झाल्यावर.

पहिला स्टँड मी घेतला तो दोन बिजागऱ्यांचा, ॲल्युमिनियमचा, मूळचा लॅपटॉपसाठी बनवलेला. दिसायला देखणा होता, कडा गुळगुळीत होत्या, हव्या त्या कोनात थांबत होता. मी भुलले ती याच गोष्टीला. शून्यापासून पुढे कोणताही कोन साधता येतो, म्हणजे निवडीचे पूर्ण स्वातंत्र्य, असे मला वाटले. पहिली रेघ काढली आणि पडदा खाली वाकला. फार नाही, दोन-तीन मिलिमीटर असेल. पेन उचलले की तो पुन्हा वर यायचा आणि क्षणभर थरथरत राहायचा. लॅपटॉपला नुसता भार पेलायचा असतो. ड्रॉइंग टॅबलेटच्या स्टँडला भाराबरोबर हातही पेलावा लागतो, हा फरक मी लक्षात घेतला नव्हता. संपूर्ण हाताचे वजन शरीराच्या साधारण पाच टक्के असते, म्हणजे साठ किलोच्या माणसाचा एक हात सुमारे तीन किलोंचा. चित्र काढताना तो सगळा टेकत नाही, पण मनगट आणि कोपराजवळचा भाग टेकतो, उचलला जातो, पुन्हा टेकतो. तोही पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात, बिजागरीपासून सर्वांत लांब, जिथे तरफेच्या नियमाने थोडासा दाबही मोठे वळण देतो. दोन बिजागऱ्या असल्या की एकीचे लवणे दुसरीच्या लवण्यात मिसळते. लांब, एका दमात ओढायच्या रेघेच्या मध्यावर माझ्या हाताखालची जमीनच हलत होती.

चित्र काढण्याच्या संगणकप्रणालीत रेघ मऊ करण्याची सोय असते. ती वाढवली की थरथर दिसेनाशी होते. मी दोन दिवस तसे काम केले. रेघ सुबक येऊ लागली, पण ती पेनाच्या मागून येऊ लागली, एखादे लहान मूल बोट धरून मागे रेंगाळत यावे तशी, आणि तिच्यातला माझा दाब, माझे थबकणे, सारे निघून गेले. थरथर लपवणे आणि थरथर नसणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या पेनाला दाबाच्या ८१९२ पातळ्या ओळखता येतात, ते पेन डुगडुगणाऱ्या पृष्ठभागावर चालवले, तर त्या पातळ्यांमध्ये हाताबरोबर स्टँडचाही दाब नोंदला जातो. मी तो स्टँड मिटवला आणि तेव्हा मला बाबांचे ते दोन तळहात आठवले. उघडून पुन्हा टेबलावर ठेवला, वरच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने दाबले. तो बोलत होता. पहिल्याच दिवशी विचारले असते, तर पहिल्याच दिवशी बोलला असता.

मराठीत लाकडी तिवईला, फळी किंवा ओंडका आडवा पेलणाऱ्या आधाराला, घोडी म्हणतात. इंग्रजीत चित्रकाराच्या तिवईला ईझल म्हणतात, तो शब्द डच भाषेतल्या गाढवाच्या नावावरून आला आहे. दूरच्या दोन भाषांनी मुकाट्याने ओझे वाहणाऱ्या वस्तूला जनावराचेच नाव द्यावे, हे मला फार योग्य वाटते. या वस्तूचे काम उभे राहणे आहे, आणि जनावराप्रमाणेच ती किती कोनांत वळते यापेक्षा पाठीवर भार पडल्यावर ती बुजते की नाही, हे आधी पाहायला हवे. तैलरंगात काम करणारे चित्रकार उभ्या चित्रासमोर हात टेकता येत नाही म्हणून शतकानुशतके मॉलस्टिक वापरत आले. तिच्या एका टोकाला मऊ गोळा असतो. ते टोक चौकटीच्या कडेला टेकवायचे, दुसरे टोक मोकळ्या हातात धरायचे आणि काठीवर रंगवणारा हात टेकवायचा. टॅबलेटवर आपण थेट काचेवरच हात टेकतो, त्यामुळे तो सगळा विश्वास घोडीच्या पायांवर येऊन पडतो.

मधल्या काळात मॉनिटर पेलणारा लांब बाहूचा आधारही मी एका मैत्रिणीकडे वापरून पाहिला. टॅबलेटच्या पाठीला चार स्क्रूंची ठरलेल्या मापाची भोके असतील, तर तो सहज बसतो. हे माप म्हणजे १०० किंवा ७५ मिलिमीटरचा चौरस, ज्याला वेसा म्हणतात. ही भोके सगळ्याच टॅबलेटना नसतात, म्हणून ते आधी पाहायला हवे. टेबल मोकळे राहते, पडदा हवा तेव्हा दूर ढकलता येतो, हे सुख मोठे आहे. पण आत वायूची स्प्रिंग असलेला बाहू वजनाशी समतोल साधून बनवलेला असतो, बोटाच्या धक्क्यानेही हलावा हाच त्याचा गुण. आणि चित्र काढणे म्हणजे दिवसभर त्याला बोटाचे धक्के देणे. पडद्याची खालची कड टेबलावर टेकवून वापरला तर तो बराच स्थिर होतो. माझी मैत्रीण तसेच करते आणि तिची रेघ सुंदर आहे. मला मात्र हात टेकताना दर वेळी मनात किंचित धास्ती वाटत राहिली, आणि धास्ती रेघेत उतरते.

मग कोनांकडे नव्याने पाहिले. नजर ४५ अंश झुकलेली धरली, तर सपाट पडद्यावर सात सेंटिमीटरची दिसणारी ती दहा सेंटिमीटरची रेघ पडदा केवळ २० अंश उचलला की नऊ सेंटिमीटरची दिसते, आणि ३५ अंशांना जवळजवळ पूर्ण दिसते. म्हणजे डोळ्यासाठी पहिले वीस अंशच सर्वांत मोलाचे आहेत. अनेक टॅबलेटच्या पाठीला जे घडीचे छोटे पाय असतात, ते साधारण एवढाच उतार देतात, आणि मी ते पाय वर्षभर उघडलेसुद्धा नव्हते. त्यापुढचे अंश मानेसाठी आहेत. त्याहून पुढे गेले की हाताची तक्रार सुरू होते. तळहात काचेवरून घसरू लागतो, खांदा उचललेला राहतो आणि दंड भरून येतो. बारीक रेघांच्या कामाला मला पडदा खाली हवा असतो, रंगाच्या मोठ्या फटकाऱ्यांना वर. पण हे दोन-तीन मुक्काम सोडले, तर मधले असंख्य कोन मी कधी वापरत नाही, हे आठवडाभर स्वतःकडे लक्ष ठेवल्यावर मला कळले.

दिव्याचे गणित मला अगदी शेवटी उमगले. पडदा दहा अंश फिरवला की त्यातले प्रतिबिंब वीस अंश सरकते. आडव्या पडद्यावर छतावरचा दिवा नेमका मधोमध पडायचा आणि मी मान वाकडी करून त्याला चुकवायचे. उतार मिळाला तसा तो दिवा गेला आणि त्याच्या जागी माझ्या मागची खिडकी आली, मग टेबल वळवावे लागले. दुसरी गोष्ट म्हणजे खालच्या कडेची उंची. स्टँडचे अंग जाड असेल, तर पडद्याचा तळच चार-पाच सेंटिमीटर वर उचलला जातो, कोपर अधांतरी राहते आणि मानेचे दुखणे सुटून खांद्याला लागते. स्टँडवर टॅबलेट घसरू नये म्हणून पुढे जी उभी पट्टी असते, तीही पाहून घ्यावी. ती उंच असेल तर मनगटाच्या आतल्या, मऊ भागाला टोचते, आणि नेमकी त्याच ठिकाणी टॅबलेटची वायर किंवा बटणे येत असतील तर रोजचा त्रास होतो. लोहचुंबकाने टॅबलेट धरून ठेवणारे स्टँड मी विचारातच घेतले नाहीत. माझे पेन बॅटरीशिवाय चालते, पडद्याखालच्या विद्युतचुंबकीय क्षेत्रातून शक्ती घेते, आणि अशा पेनाची टोकाची जागा जवळच्या चुंबकामुळे चुकू शकते.

शेवटी जो घेतला, तो दिसायला अगदी साधा आहे. जाड पोलादी पत्र्याचा, रुंद पायांचा, मागे खाचा असलेल्या आडव्या दांड्याचा. कोन सहाच मिळतात. दांडा एका खाचेतून दुसऱ्या खाचेत टाकताना खट् असा आवाज येतो आणि मग त्याबद्दल पुन्हा विचार करावा लागत नाही. खाचेत बसलेला दांडा घर्षणाच्या भरवशावर नसतो, त्यामुळे वर्षभराने बिजागरी सैल होण्याची चिंताही उरत नाही. पायांखाली रबर आहे. वरच्या डाव्या कोपऱ्यावर दाबले, उजव्या कोपऱ्यावर दाबले, कान जवळ नेऊन ऐकले. बोलला नाही. मग तिसऱ्या खाचेत ठेवून, नेहमीसारखी बसून, पेनाचे टोक आणि पडद्यावरचा बिंदू पुन्हा जुळवून घेतले. उतार बदलला की काच आणि चित्र यांमधली ती बारीकशी पोकळी वेगळ्या कोनातून दिसते, त्यामुळे जुनी जुळणी उपयोगाची राहत नाही.

पहिले चित्र आत्याचेच काढायला घेतले. तेच छायाचित्र, त्याच आकारात. या वेळी छायाचित्राचा पडदा आणि टॅबलेट दोन्ही माझ्याकडे साधारण सारख्याच चेहऱ्याने पाहत होते. हनुवटी, ओठ, डोळे पटापट जागेवर आले आणि मी कपाळापाशी पोचले. इथे मी थांबले. ते कपाळ बरोबर काढणे म्हणजे त्यातून बाबांना पुसून टाकणे आहे, असे मला एकाएकी वाटले. आडव्या पडद्याने, तिरक्या नजरेने आणि झुकलेल्या मानेने एका बहिणीच्या चेहऱ्यावर तिच्या भावाचे कपाळ आणून ठेवले होते, आणि ते तिने पाहताक्षणी ओळखले होते. भूमितीने ते कसे घडले हे मला आता पायरीपायरीने सांगता येते. तरी चूक नेमकी तिथे, नेमकी तेवढीच का झाली, हे सांगताना माझा आवाज तितकासा ठाम राहत नाही. मी रेघ काढली, पुसली, पुन्हा काढली. मनगट काचेवर स्थिर होते. खालून काहीही हलत नव्हते.

चित्र घेऊन गेले तेव्हा आत्याने तसेच हात लांब करून ते पाहिले. "हां. ही मी," ती म्हणाली. मग भिंतीवरच्या पहिल्या चित्राकडे पाहत म्हणाली, "पण ते काढू नकोस हं तिथून." दोन्ही चित्रे आता एकाखाली एक आहेत. घरी येऊन मी नवे चित्र छायाचित्रावर ठेवून मोजले. सगळे जुळत होते. फक्त केसांची कड किंचित, जेमतेम रेघेच्या जाडीएवढी, वर होती. ती मी तशीच राहू दिली.